राज्यघटना तयार होईपर्यंत देश कशावर चालला?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पण या दोन तारखांच्या मध्ये जवळजवळ अडीच वर्षं आहेत. या काळात रेल्वे धावत होत्या, कर गोळा होत होते, कोर्टात निकाल लागत होते. काश्मीरमध्ये लढाई झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, लाखो निर्वासितांची सोय लावावी लागली. हे सगळं कोणत्या कायद्याच्या आधारावर? अर्थसंकल्प कुणी मंजूर केला? आणि ज्यांनी घटना लिहिली, त्यांना ती लिहिण्याचा अधिकार मुळात दिला कुणी?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घटना कशी तयार झाली याची गोष्ट म्हणजे खरं तर हा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे कसा सरकत गेला, याची गोष्ट आहे.

घटना समिती कुठून आली

घटना समिती जन्माला आली तेव्हा देश स्वतंत्र नव्हता. १९४६ मध्ये ब्रिटिश सरकारने तीन मंत्र्यांचं एक शिष्टमंडळ भारतात पाठवलं. त्यालाच कॅबिनेट मिशन म्हणतात. त्याच्या योजनेनुसार घटना समितीत ३८९ सभासद असणार होते: २९६ ब्रिटिश प्रांतांमधून आणि ९३ संस्थानांकडून. साधारण दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा, असा हिशेब होता.

या सभासदांना जनतेने थेट निवडून दिलं नव्हतं. प्रांतांच्या विधानसभांतल्या आमदारांनी त्यांना निवडलं, आणि ते आमदार ज्या मतदारांनी निवडले होते त्यांच्यावर मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. देशातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांना तेव्हा मतच नव्हतं. म्हणजे ज्या समितीने पुढे प्रत्येकाला मताचा हक्क दिला, ती स्वतः मूठभरांच्या मतांतून उभी राहिली होती. समितीतल्या लोकांना याची पूर्ण जाणीव होती आणि चर्चांमध्ये हा मुद्दा वारंवार निघाला.

९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत पहिली बैठक भरली. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला होता आणि संस्थानांचे प्रतिनिधी अजून यायचे होते. दोन दिवसांनी राजेंद्र प्रसाद अध्यक्ष झाले. १३ डिसेंबरला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला: भारत हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक असेल आणि त्याच्या सत्तेचा उगम जनतेत असेल. त्यावर मुकुंदराव जयकर उठले आणि म्हणाले की लीग आणि संस्थानं आल्याशिवाय हा ठराव मंजूर करू नका. डॉ. आंबेडकरांनीही थांबण्याच्या बाजूने भाषण केलं. शेवटी ठराव लगेच मंजूर न करता पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबवला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला संमत झाला. लीग काही आली नाही. तरीही बहुमत हाताशी असताना महिनाभर थांबण्याची तयारी या लोकांनी दाखवली, हे मला मोलाचं वाटतं.

आंबेडकर या समितीत आले ते बंगालमधून. पुढे बंगालची फाळणी ठरली आणि त्यांचं सभासदत्व गेलं. त्याच सुमारास जयकरांनी राजीनामा दिल्यामुळे मुंबई प्रांताची एक जागा रिकामी होती. ३० जून १९४७ ला राजेंद्र प्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिलं (प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत). आंबेडकरांचं समितीतलं काम इतक्या तोलाचं आहे की ते आपल्याला गमावता येणार नाही; १४ जुलैला सुरू होणाऱ्या अधिवेशनाला ते हजर असले पाहिजेत, असा त्याचा आशय होता. आंबेडकर मुंबईतून निवडून आले. काँग्रेसवर इतकी वर्षं कडाडून टीका करणाऱ्या माणसासाठी काँग्रेसच्याच एका बड्या नेत्याकडून असं पत्र जावं, ही साधी बाब नव्हती.

जुना कायदा, नवे मालक

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १५ ऑगस्टला देश कोणत्या कायद्यावर चालू लागला?

ब्रिटिश संसदेने भारतीय स्वातंत्र्य कायदा केला, त्याला १८ जुलै १९४७ ला राजाची संमती मिळाली. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, भारताची घटना करण्याचा पूर्ण अधिकार घटना समितीकडे आला आणि कॅबिनेट मिशनची बंधनं गळून पडली. दुसरी, नवी घटना होईपर्यंत १९३५ चा भारत सरकार कायदा आवश्यक ते बदल करून चालू राहील, असं ठरलं.

हा १९३५ चा कायदा ब्रिटिशांनी केलेला, आणि काँग्रेसने त्यावर सडकून टीका केलेली. पण राहत्या घराचा पाया बदलायचा तर नवा पाया भरेपर्यंत जुन्यावरच टेकू द्यावे लागतात. म्हणून कायद्यात नेमकी काटछाट केली गेली. गव्हर्नर जनरल आणि प्रांतांचे गव्हर्नर यांना 'स्वतःच्या मर्जीने' निर्णय घेण्याचे जे अधिकार होते, ते काढून टाकले. आता त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं होतं. खुर्ची तीच, पदनाम तेच, पण खरी सत्ता नेहरूंच्या मंत्रिमंडळाकडे आली. २१ जून १९४८ पर्यंत माउंटबॅटन आणि त्यानंतर चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल होते.

मग संसदेचं काम कोण करणार? घटना समितीच. त्याच सभागृहात तेच सभासद कधी घटना लिहायला बसत, कधी रोजचे कायदे करायला. घोळ होऊ नये म्हणून दोन्ही कामं वेगळी केली. घटनेवर चर्चा असेल तेव्हा राजेंद्र प्रसाद अध्यक्ष, आणि कायदेमंडळ म्हणून बैठक असेल तेव्हा गणेश वासुदेव मावळंकर सभापती. कायदेमंडळ म्हणून पहिली बैठक १७ नोव्हेंबर १९४७ ला झाली आणि २६ नोव्हेंबरला अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी यांनी स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला. चेट्टी काँग्रेसचे नव्हते. दुसरे एक मंत्री श्यामाप्रसाद मुखर्जी नव्हते आणि कायदामंत्री झालेले आंबेडकरही नव्हते. पहिल्या मंत्रिमंडळात विरोधी मताच्या माणसांना जागा होती.

मसुदा ते घटना

घटनेचं लिखाण एका दमात झालं नाही आणि एका हाताने तर नाहीच. आधी वेगवेगळ्या समित्यांनी तत्त्वं ठरवली. केंद्राचे अधिकार काय, याची समिती नेहरूंकडे होती. प्रांतांची रचना आणि मूलभूत हक्क, अल्पसंख्याक वगैरे विषयांच्या समित्या वल्लभभाई पटेलांकडे होत्या. या अहवालांवरून घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी पहिला कच्चा मसुदा बनवला: २४३ कलमं, १३ परिशिष्टं. राव हे सनदी अधिकारी, समितीचे सभासदही नव्हते. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन इथे जाऊन तिथल्या न्यायाधीशांशी आणि जाणकारांशी ते बोलून आले होते.

२९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली. आंबेडकर धरून सात जण, आणि अध्यक्ष आंबेडकरच. या समितीने रावांच्या कच्च्या मसुद्यावर १४१ दिवस काम केलं आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ३१५ कलमांचा मसुदा पुढे ठेवला. सात जणांपैकी सगळे शेवटपर्यंत होते असं नाही. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी ५ नोव्हेंबर १९४८ ला सभागृहात सांगूनच टाकलं: एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात गुंतलेले, एकदोघे दिल्लीपासून लांब, अखेर सगळा भार आंबेडकरांवर पडला. आंबेडकरांनी मात्र शेवटच्या भाषणात राव आणि मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या वाट्याचं श्रेय त्यांना जाहीरपणे दिलं.

मसुदा छापून लोकांसमोर ठेवला. आठ महिने सूचना येत राहिल्या. मग ४ नोव्हेंबर १९४८ ला तो सभागृहात आला आणि एकेका कलमावर चर्चा सुरू झाली. दुरुस्ती सुचवायची तर सभासदाने ती लेखी द्यायची, मग ती मांडायची, मग मतदान. अशा सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. सभागृहात काँग्रेसचं मोठं बहुमत होतं आणि बऱ्याच गोष्टी आधी पक्षाच्या बैठकीत ठरून येत, हे खरं आहे. म्हणून सगळं ठरवूनच झालं असं मानणं मात्र चुकीचं ठरेल. आंबेडकरांनी शेवटी पक्षशिस्तीचे आभार मानले आणि त्याच भाषणात कामथ, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकुरदास भार्गव या 'बंडखोरां'चेही मानले. हे लोक नसते तर कामकाज अगदी नीरस झालं असतं, असं ते म्हणाले.

चर्चेने मत कसं बदलतं याचं उत्तम उदाहरण म्हणजे राज्यपाल. सुरुवातीला ठरलं होतं की राज्यपालाला प्रौढ मतदारांनी थेट निवडून द्यायचं. कागदावर हे अधिक लोकशाहीचं दिसतं. पण मुख्यमंत्रीही लोकांच्या मतांतून येणार आणि राज्यपालही. उद्या दोघांत खटका उडाला की दोघंही म्हणणार, जनता माझ्यामागे आहे. मग ऐकायचं कुणाचं? मसुदा समितीला ही अडचण दिसली म्हणून तिने दोन पर्याय समोर ठेवले. शेवटी १९४९ च्या मे महिन्याच्या अखेरीस सभागृहाने दोन्ही बाजूला सारले आणि राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपतींनी करावी असं ठरवलं. फाळणीचा घाव ताजा होता. थेट निवडून आलेला राज्यपाल प्रांताला केंद्रापासून दूर नेईल, ही भीतीही त्यामागे होती. आज राज्यपाल विरुद्ध राज्य सरकार असे जे वाद होतात, त्यांची मुळं या निर्णयात आहेत. मुख्यमंत्र्याशी बरोबरी करणारा राज्यपाल टाळताना केंद्राच्या मर्जीतला राज्यपाल येऊ शकतो, या धोक्याला तेव्हा पुरेसं वजन दिलं गेलं नाही, असं माझं मत आहे.

त्याच फाळणीने घटनेचा संपूर्ण तोलही बदलला. कॅबिनेट मिशनच्या योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण एवढंच असणार होतं, बाकी सगळं प्रांतांकडे. देश एकत्र ठेवण्यासाठी दिलेली ती किंमत होती. फाळणी झाल्यावर ती देण्याचं कारण उरलं नाही आणि काही आठवड्यांत समितीने दिशा बदलून बलवान केंद्र स्वीकारलं.

नागरिकत्वाच्या कलमांनी सगळ्यांचा घाम काढला. आंबेडकर सभागृहात म्हणाले की एक कलम सोडलं तर इतकी डोकेदुखी मसुदा समितीला दुसऱ्या कशानेच झाली नाही. प्रश्न अगदी माणसांचा होता. लाहोरहून आलेलं कुटुंब कधीपासून भारताचं? जीव वाचवायला पाकिस्तानात गेलेला आणि सहा महिन्यांनी आपल्या घरी परतलेला माणूस कोण? तोडगा तारखांनी काढला. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला आणि तेव्हापासून इथेच राहणारा माणूस नागरिक. त्यानंतर आलेल्याने अर्ज करून नोंदणी करायची. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेला नागरिक नाही, पण कायम परतण्याचा परवाना घेऊन आलेला असेल तर त्याला दार उघडं. पंजाबराव देशमुखांचा आक्षेप होता की मसुद्यातल्या या तरतुदींनी भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल. हिंदू आणि शीख यांचा धर्माने उल्लेख करावा, अशी त्यांची सूचना होती. सभागृहाने ती मानली नाही.

आणि १७ ऑक्टोबर १९४९ ची ती चर्चा. सगळी कलमं झाल्यावर सर्वांत शेवटी उद्देशिका चर्चेला आली. हरी विष्णू कामथ यांनी सुचवलं की तिची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करावी. हृदयनाथ कुंझरू यांना हे पटलं नाही. ते नास्तिक म्हणून बोलत नव्हते. श्रद्धेचं स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेने एक श्रद्धा सगळ्यांवर लादू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हा विषय मताला टाकू नये असं अनेकांना वाटत होतं, पण कामथ अडून राहिले. हात मोजले गेले: बाजूने ४१, विरोधात ६८. त्या सभागृहात श्रद्धाळू माणसांची कमी नव्हती. तरीही उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशीच राहिली.

सूत्रं हाती देताना

२६ नोव्हेंबर १९४९ ला घटना संमत झाली, ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. लागू झाली दोन महिन्यांनी. २६ जानेवारी निवडली ती १९३० पासून पूर्ण स्वराज्याचा दिवस म्हणून पाळल्या गेलेल्या तारखेसाठी. पण घटनेतली सोळा कलमं संमत झाली त्याच दिवसापासून लागू झाली होती, हे फारसं सांगितलं जात नाही. कलम ३९४ मध्ये त्यांची यादी आहे: नागरिकत्वाची कलमं, राष्ट्रपतींची शपथ, निवडणूक आयोग, हंगामी संसद आणि हंगामी राष्ट्रपती यांच्या तरतुदी. कारण उघड आहे. २६ जानेवारीला प्रजासत्ताक सुरू व्हायचं तर राष्ट्रपती त्याआधी निवडलेला हवा, आणि त्याला निवडण्याचा अधिकार देणारं कलम त्याआधी जिवंत हवं. २४ जानेवारीला समितीने राजेंद्र प्रसादांची बिनविरोध निवड केली. निवडणूक आयोग २५ जानेवारीला स्थापन झाला.

शेवटचं कलम ३९५. त्याने दोन कायदे रद्द केले: १९३५ चा भारत सरकार कायदा आणि १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा. म्हणजे ज्या ब्रिटिश कायद्याने समितीला घटना करण्याचा अधिकार मान्य केला होता, तोच समितीने पुसून टाकला. घटना मंजुरीसाठी ब्रिटनच्या राजाकडे पाठवली नाही. इथून पुढे भारतातल्या सत्तेचा धागा लंडनपर्यंत जात नाही. तो उद्देशिकेतल्या लोकांपाशी येऊन थांबतो. मला हे कलम संपूर्ण घटनेतलं सगळ्यात धीट वाक्य वाटतं.

जुने कायदे मात्र एका रात्रीत गेले नाहीत. कलम ३७२ ने सांगितलं की बदलले जाईपर्यंत ते चालू राहतील. फेडरल कोर्टाचे न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आणि समिती स्वतःच हंगामी संसद झाली.

इथे अधिकाराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९५१ मध्ये या हंगामी संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली. तिच्यामुळे भाषणस्वातंत्र्यावरच्या मर्यादा वाढल्या आणि जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण मिळालं. श्यामाप्रसाद मुखर्जींनी तिला जोरदार विरोध केला. प्रकरण कोर्टात गेलं. तिथे एक मुद्दा असा होता की घटनादुरुस्तीचा अधिकार दोन सभागृहांच्या संसदेचा आहे, एका सभागृहाच्या हंगामी संसदेचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण निवडणूक काही महिन्यांवर असताना लोकांनी न निवडलेल्या सभागृहाने मूलभूत हक्कांना हात लावायला नको होता, असं मला वाटतं.

निवडणुकीची तयारी मात्र घटना संमत होण्याची वाट पाहत थांबली नव्हती. मार्च १९४८ मध्येच समितीच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना प्रौढ मताधिकाराच्या आधारावर मतदारयाद्या करायला सांगितलं होतं. मताचा हक्क कागदावर यायचा होता आणि कारकून दारोदार जाऊन नावं लिहू लागले होते. अडचणींचा डोंगर होता. मतदार व्हायला त्या ठिकाणचं वास्तव्य लागे, पण छावणीत राहणाऱ्या निर्वासिताने ते कुठून दाखवायचं? म्हणून इथेच कायम राहणार असल्याचं त्याचं नुसतं निवेदन पुरेसं मानलं. बायकांच्या बाबतीत वेगळाच पेच होता. अनेक जणी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच सांगत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी भूमिका घेतली की मतदार म्हणून नोंद स्वतःच्या नावानेच होईल. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं पहिल्या यादीतून गळाली. नुकसान मोठं होतं. पण कुणाची तरी बायको म्हणून मत देण्याची पद्धत एकदा रूढ झाली असती तर ती मोडायला किती काळ गेला असता, याचाही विचार करावा लागतो.

यादीत १७ कोटींहून अधिक नावं होती. २५ ऑक्टोबर १९५१ ला मतदान सुरू झालं आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर निवडणूक चिन्ह. मतदाराने आपल्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. लोकसभेच्या ४८९ जागांपैकी काँग्रेसला ३६४ मिळाल्या. हंगामी संसद संपली आणि १३ मे १९५२ ला पहिली लोकसभा भरली. त्याच दिवशी राजेंद्र प्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ पुन्हा घेतली, कारण १९५० मध्ये त्यांना घटना समितीने निवडलं होतं. आता निवडणारे खासदार आणि आमदार प्रौढ मताधिकाराच्या निवडणुकीतून आलेले होते.